नॉस्टिकवणे : सकर्मक क्रियापद

आमच्या कार्यालयात शब्द लाकडी खणांत राहतात. एका शब्दाला एक कार्ड. वर शब्द, मग अर्थ, आणि खाली कुणीतरी खरोखर लिहिलेलं किंवा बोललेलं वाक्य. धर्मातल्या शब्दांचा हा कोश गेली अकरा वर्षं चालू आहे आणि संपादकबाईंचा नियम एकच : वाक्य नसेल तर शब्द कोशात जायचा नाही. सुरुवातीला मी एकदा घाईघाईत स्वतःच वाक्य रचून घातलं होतं. बाईंनी कार्ड परत करताना शांतपणे विचारलं, "असं तुझ्याखेरीज कोण बोलतं?" तेव्हापासून मी वाक्य शोधते, रचत नाही.

त्या मंगळवारी हेडमास्तर आले. ते आमच्या गल्लीतल्या प्रार्थनाघराचे मुख्य विश्वस्त. चौतीस वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं, मलाही शिकवलं, त्यामुळे ते दारात दिसले की अजून माझी पाठ आपोआप ताठ होते. खुर्चीत बसून त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, चष्मा आतच राहू दिला आणि त्याच्याखालून एक घडी घातलेलं पत्र काढलं. एक शब्द बघायचा आहे म्हणाले, घाईचा आहे, पण बोभाटा नको.

झालं होतं ते असं. मागच्या महिन्यात एक विद्वान पाहुणे दोन दिवस हेडमास्तरांकडे उतरले होते. सुट्टीच्या सकाळी त्यांना प्रार्थनाघरात नेऊन हेडमास्तरांनी आमच्या मामाचं गाणं ऐकवलं. पाहुणे परत गेले आणि त्यांनी आभाराचं पत्र धाडलं. चहा छान होता, नवं छप्पर छान झालं आहे, आणि मग एक वाक्य : "आपले गायक जुनी कथा किती सहज नॉस्टिकवतात, हे ऐकून मी थक्क झालो."

तिन्ही विश्वस्तांनी ते पत्र वाचलं. तिघांनाही शब्द कळला नाही आणि तिघांपैकी एकानेही तसं कबूल केलं नाही. औषधांच्या दुकानवाल्या विश्वस्तांना वाटलं, हे आवाजाच्या घुमण्याबद्दल काहीतरी असणार, छप्पर नवं आहे ना. हेडमास्तरांनी विचार केला की 'सहज' आणि 'थक्क' या दोन शब्दांच्या मध्ये बसलेला शब्द वाईट कसा असेल? डागडुजी चालू असतानाही आठवड्याची बैठक बंद पडली नव्हती, पण आता प्रार्थनाघर समारंभाने पुन्हा उघडायचं होतं, त्या दिवशी मामाचं गाणं ठरलं होतं, पत्रकं छापायची होती. त्यांनी पत्रकावर मामाच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत घातलं : 'जुनी कथा सहज नॉस्टिकवणारे आपले लाडके गायक'. छापखान्यातल्या माणसाने शंका काढली, तर हेडमास्तरांनी त्याला सांगितलं की तो शास्त्रीय शब्द आहे, तुम्ही हात लावू नका. चारशे पत्रकं घरोघर गेली.

मग औषधवाल्यांच्या सुनेने, जी कॉलेजात इतिहास शिकवते, ते पत्रक वाचलं आणि तिला हसून हसून खाली बसावं लागलं. तिने सासऱ्यांना सांगितलं की नॉस्टिक हे जुन्या काळातल्या पाखंडी मंडळींचं नाव आहे. झालं. आता दोन विश्वस्तांचं म्हणणं, उघडण्याच्या दिवशी दुसरा गायक बोलवावा, मामाने थोडी विश्रांती घ्यावी.

"विश्रांती म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

हेडमास्तरांनी चष्म्याचं घर बंद केलं. "तुला माहीतच आहे," ते म्हणाले. "उठवलेल्या माणसाला परत बसवणं अवघड असतं."

त्यांनी पाहुण्यांनाच का नाही विचारलं, हेही मी विचारून बघितलं. चारशे घरांत छापून पोचलेल्या शब्दाचा अर्थ कुठल्या तोंडाने विचारू, असं ते म्हणाले, आणि ते मला पटलं.

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामा गाऊन प्रवचन करतो. एखादी गोष्ट घ्यायची, ती सांगता सांगता सुरात शिरायचं, गाता गाता पुन्हा बोलण्यावर यायचं, आणि ऐकणाऱ्याला सांधा कुठे होता ते कळूही द्यायचं नाही. नुसत्या बोलक्या प्रवचनात दहाव्या मिनिटाला माझं लक्ष पंख्याकडे जातं. पण तीच गोष्ट कुणी गाऊन सांगितली की देव समोरच्या बाकावर येऊन बसल्यासारखा वाटतो, तोही जरा सरकून, मला जागा करून. एकोणीस वर्षं मामा त्या प्रार्थनाघरात गातो. नोकरीत असताना तो दिवसभर टपाल वाटायचा आणि वाटता वाटता गुणगुणायचा. आता पेन्शनीत आहे, म्हणजे त्याच्यापाशी एवढंच उरलं आहे. त्याची ती बैठक गेली असती तर मामा सकाळी उठून कशासाठी घसा साफ करणार होता?

त्याला स्वतःला तो शब्द भारी आवडला होता. पत्रक आल्यापासून त्याचं भाजीवालीला, न्हाव्याला आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांना सांगून झालं होतं की आपण नॉस्टिकवतो. न्हावी म्हणाला होता, "तरीच."

मी हेडमास्तरांना बाईंच्या खोलीत नेलं. बाई देवभोळ्या अजिबात नाहीत. त्यांचा विश्वास पेन्सिलीवर. पण पत्रातलं ते वाक्य वाचताना त्यांचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेलं कुणीतरी घरी आलं. उठून त्या स्वतः 'न'च्या खणाकडे गेल्या आणि एक कार्ड घेऊन आल्या. 'नॉस्टिकवणे'. अर्थ लिहिलेला, खाली वाक्याची जागा कोरी. चार वर्षं ते कार्ड तसंच पडून होतं.

हेडमास्तरांनी अर्थ विचारला. बाईंनी कार्डावरचं वाचून दाखवलं नाही, त्या सरळ बोलायला लागल्या. फार जुन्या काळी काही मंडळी होती, त्या म्हणाल्या, जी म्हणायची की हे जग खऱ्या देवाने केलेलंच नाही. खरा देव दूर उजेडात आहे. हे जग, ही माती, हे शरीर कुणा हलक्या कारागिराने केलेलं, म्हणून तर एवढं बिघडलेलं. शरीर म्हणजे कोठडी. आत उजेडाची एक ठिणगी अडकलेली. ज्याला हे गुपित कळलं तो सुटला, बाकीचे राहिले. ज्ञान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांचं नाव पडलं. "आणि ही मंडळी स्वतःच्या गोष्टी रचायची तशा दुसऱ्यांच्याही घ्यायची. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घ्यायची आणि म्हणायचं, वरचा अर्थ तुमच्यासाठी, आतला आमच्यासाठी. एखाद्या गोष्टीला असं वळण देणं म्हणजे ती नॉस्टिकवणं."

हेडमास्तरांमधला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. त्यांना वेगळीच धास्ती होती. बसणे–बसवणे, रडणे–रडवणे, तसं नॉस्टिकणे–नॉस्टिकवणे असेल तर ते प्रयोजक झालं. म्हणजे आमचा गायक लोकांना नॉस्टिक करतोय, असा त्याचा अर्थ. माणूस स्वतः वाट चुकला तर समजावता येतं, पण समोरच्या दीडशे जणांना चुकवत असेल तर दोघा विश्वस्तांचं बरोबर आहे.

बाईंनी पेन्सिल 'कथा' या शब्दाखाली टेकवली. कर्म बघा, त्या म्हणाल्या. लोकांना नाही, कथेला. नाटक बसवतात म्हणजे नाटकाला खुर्ची देत नाहीत. "पण पाहुण्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते पत्रावरून ठरणार नाही. ते कशाकडे बोट दाखवत होते, ते ऐकायला हवं. गायकांना इथे बोलवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयात आला. खणांच्या दोन रांगांमध्ये आम्ही चार खुर्च्या मांडल्या. शिपाईकाकांनी टेलिफोन बाजूला काढून ठेवला. मामाने खणांवरून एकदा नजर फिरवली आणि मला हळूच म्हणाला, "चिमे, इथे आवाज मस्त बसेल. लाकूड आहे." मग त्याने डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत सुरुवात केली.

गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. देव माणूस घडवायला बसला. माती घेतली, कालवली, मळली. बोटं केली, बोटांना नखं केली. कान करताना हसला, कारण कानाचा आकार त्यालाच मजेशीर वाटला. सगळं झालं आणि हात धुवावेत म्हणून उठला, तर माणसाने डोळे उघडले. त्या डोळ्यांकडे बघता बघता देव हात धुवायचे विसरला. अजून धुतलेले नाहीत. माझ्या लहानपणी मामा इथे थांबायचा आणि वरच्या सुरात गायचा :

*घडवले त्याने, हात न धुतले,*
*माती अजून त्याच्या बोटांना...*

आणि आम्ही पोरं खोटं खोटं देवाच्या बोटांचा वास घ्यायचो.

पण मामाने त्या दुपारी जे गायलं, त्यात मळायला देव बसलाच नाही. मालक दूर उजेडात होता. मळायला बसला होता त्याचा नोकर. नोकराने घाईत माती घेतली, खड्याकाट्यांसकट. बोटं वाकडी झाली. मालकाने खाली बघितलंच नाही. मग त्या मातीत एक ठिणगी चुकून पडली, आणि मामाचा सूर वर चढला :

*मळकी कोठडी, दार ना खिडकी,*
*ज्याला कळले तो सुटला...*

सुरेख गायला. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. शिपाईकाका तर दाराला टेकून डोळे पुसत होते. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं की वर्षभर मी हेच ऐकत होते, दर आठवड्याला, आणि आवाजाच्या मागे जाता जाता शब्द माझ्या हातून निसटत होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईची ही गत.

मामा थांबल्यावर बाईंनी वहीत एकच शब्द लिहिला आणि वही आमच्याकडे फिरवली. 'सकर्मक.'

"म्हणजे पाहुणे बरोबर होते," हेडमास्तर म्हणाले.

बाई म्हणाल्या, तंतोतंत. ना कौतुक, ना तक्रार. समोर जे घडत होतं त्याला जो शब्द आहे तो त्यांनी वापरला. मग त्या मामाकडे वळल्या आणि विचारलं, हा नोकर गोष्टीत कधी आला?

मामा म्हणाला, त्याला काही बोलावणं पाठवलं नव्हतं. गाता गाता आला.

"कधी?"

मामा खणांवरची अक्षरं वाचायला लागला. मला उत्तर माहीत होतं. मागच्या वर्षी मामीला झटका आला. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, पण उजवा हात थरथरतो तो थरथरतोच. मामी त्याच्यासोबत पेटी वाजवायची. आता पेटी कापडाखाली झाकलेली आहे आणि मामा एकटा टाळ्यांवर गातो. दवाखान्यातून आल्यानंतरच्या पहिल्या प्रवचनात नोकर आला असणार.

हेडमास्तरांना तोडगा सापडला होता आणि ते खुशीत होते. तेवढा नोकर काढून टाका, म्हणाले, देवाला परत मळायला बसवा, मी दोघांना सांगतो की शब्दाचा अर्थ निघाला, गैरसमज मिटला. काही कुणाला कळायचं नाही.

मामाने सदऱ्याची बाही खाली ओढली. "तो नोकर मी काढणार नाही, सर," तो म्हणाला. "तो हात देवाने स्वतः बसून घडवला, असं मी गाणार नाही. दुसरा गायक बोलवा."

मामाला मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो हट्टी नाहीच मुळी. चहात साखर कमी पडली तरी न बोलता पितो. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे बघितलं, आणि बाई कार्डाकडे बघत होत्या, ज्याच्यावर आता वाक्य उतरवायला हरकत नव्हती. त्यांनी उतरवलं नाही. कार्ड खणात न ठेवता माझ्या टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, जा, घरापर्यंत सोडून ये त्यांना.

घरी मामी मटार सोलत बसली होती. डाव्या हातात शेंग, उजव्या हाताच्या थरथरीने ती उघडायची, त्यामुळे निम्मे दाणे पातेल्यात आणि निम्मे खोलीभर. सोलून झालं की ती झाडूने गोळा करून पुन्हा धुते. तिला मदत केलेली आवडत नाही. मामाचा चेहरा बघून ती म्हणाली, "काय, नॉस्टिकवून आलात?"

मामा आत जाऊन पलंगावर बसला. मग मीच सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पाहुणे, पत्रकं, हलका कारागीर, कोठडी, नोकर, आणि मामा शेवटी काय म्हणाला ते. मामी सोलता सोलता ऐकत होती. मध्ये एकदाच तिने मला थांबवून त्या शब्दाचा अर्थ परत विचारला. मी बाईंसारखं सांगायचा प्रयत्न केला : चांगली सरळ गोष्ट घ्यायची आणि म्हणायचं की ही हलक्या हाताने केलेली आहे, खरं काय ते वेगळंच आहे.

मामीने हातातली शेंग खाली ठेवली.

"अहो, बाहेर या."

मामा दारात आला.

"वर्षभर मी पहिल्या बाकावर बसते," ती म्हणाली. "दर आठवड्याला ऐकते, कुणा नोकराने घाईत मळली म्हणून बोटं वाकडी झाली. सगळं प्रार्थनाघर तुमच्याकडे बघतं आणि मी माझ्या मांडीकडे बघते. मला वाटायचं, गाणं आहे, गाण्यात चालतं. आता या पोरीने शब्द सांगितला. गोष्ट तुमची आहे, तिचं काय हवं ते करा. पण माझा हात नॉस्टिकवू नका."

मामा उभ्या उभ्याच भिंतीला टेकला. म्हणाला, तुझा हात हलका आहे असं मी कधी म्हणेन का?

"म्हणताच की. तालासुरात म्हणता."

मग मामा खाली बसला आणि खोलीभर पडलेले दाणे वेचायला लागला. टपालवाल्याला वाकायची सवय असते, पण त्याला उठताना त्रास होतो. मामी त्याला अडवणार असं मला वाटलं. तिने अडवलं नाही. कपाटाखालून एक दाणा काढताना तो तोंड तिकडेच ठेवून म्हणाला, "मला राग येतो गं."

"हाताचा?"

"ज्याने केला त्याचा."

"मग त्याच्यावर रागवा," मामी म्हणाली. "तो काय ऐकायला बसलेला नाही का? मध्ये नोकर कशाला घालता? आपल्या घरी कधी होता नोकर?"

मामाला हसू आलं. आधी त्याने ते आवरायचा प्रयत्न केला आणि मग आवरेना. मामीही हसायला लागली आणि पातेलं तिच्या मांडीवरून सरकून उरलेले दाणेही खोलीभर झाले. मी निघाले तेव्हा दोघं मिळून झाडू मारत होते आणि झाडू कुणी धरायचा यावर वाद चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्डावर वाक्य उतरवलं. पाहुण्यांचं मी बाजूला ठेवलं. मी लिहिलं : 'गोष्ट तुमची आहे, तिचं काय हवं ते करा, पण माझा हात नॉस्टिकवू नका.' खाली : 'बोलण्यातलं वाक्य, गृहिणी, वय सदुसष्ट.' बाईंनी ते दोनदा वाचलं. शब्द कानावर पडल्यापासून किती दिवसांत बोलली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बढाईच्या रूपात आठवडाभर ऐकत होती, पण अर्थ कळल्यापासून मोजाल तर पाच मिनिटंसुद्धा नाहीत. बाईंनी मान हलवली आणि अर्थातल्या एका ओळीवर पेन्सिल फिरवून दुरुस्ती केली. कर्माच्या जागी आधी फक्त 'कथा, ग्रंथ' होतं. त्यांनी पुढे 'देह' लिहिलं. पाहुण्यांचं वाक्य दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

हेडमास्तरांना मामाने निरोप पाठवला की मी गाईन, नोकर येणार नाही, पण पुढचं काही विचारू नका. हेडमास्तरांनी दोन्ही विश्वस्तांना सांगितलं की शब्दाचा सखोल अभ्यास झाला आहे. औषधवाले म्हणाले, गायक गाणार असेल तर गाऊ दे, पण पहिल्या बाकावर मी बसणार आणि काही वेडंवाकडं आलं तर तिथल्या तिथे उभा राहणार.

उघडण्याच्या दिवशी प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रकातला शब्द बघून आलेलीही बरीच असावीत. माझ्या मागे दोन तरुण बायका नॉस्टिकवणं म्हणजे नाचणं असतं का यावर कुजबुजत होत्या. नव्या छपराला रंगाचा वास होता. औषधवाले पहिल्या बाकाच्या कडेला बसले होते, मामी मधोमध, हात मांडीवर. आणि शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, संपादकबाई. मी त्यांना तिथे कधीच बघितलं नव्हतं. त्यांच्याकडे वही होती.

मामाने सुरुवात केली. देव माती घेऊन बसला. कालवली, मळली. बोटं आली, नखं आली. कान आला आणि लोक हसले, कारण मामाने स्वतःचाच कान ओढून दाखवला. मग देव उठला, माणसाने डोळे उघडले, देव हात धुवायचे विसरला. औषधवाल्यांचे खांदे खाली आले. मी हेडमास्तरांकडे बघितलं, तर ते ओठांतल्या ओठांत पुढची ओळ म्हणत होते.

*घडवले त्याने, हात न धुतले,*
*माती अजून त्याच्या बोटांना...*

इथे गोष्ट संपते. नेहमी इथेच संपायची. मामा थांबला, पण त्याने हात जोडले नाहीत. त्याने वर छपराकडे बघितलं, आणि त्याचा आवाज बदलला. सभेला गातात तसा राहिला नाही. शेजारच्या घरात काही मागायला गेलेल्या माणसाचा असतो तसा झाला.

*हात न धुतले, मग ये ना खाली,*
*या हातावर ठेव तुझा हात.*
*तूच घडवला, तूच सांग आता,*
*का थरथरे हा, का थरथरे?*

पहिल्यांदा गायलं तेव्हा लोकांना वाटलं, हे गाण्यातलंच आहे. दुसऱ्यांदा गायलं तेव्हा 'सांग' वर त्याचा सूर फाटला आणि माझ्या मागची कुजबुज थांबली. औषधवाले अर्धवट उठले. मामीने त्यांच्याकडे न बघता डाव्या हाताने त्यांना खाली बसायची खूण केली आणि ते बसले. तिसऱ्यांदा मामा ती ओळ जवळजवळ बोलला. मग वाट बघितली. खरंच वाट बघितली, अर्धं मिनिट तरी, मान वर करून, जसा टपालवाला दार वाजवून उभा राहतो.

उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. पण मामीने उजवा हात मांडीवरून उचलून पुढच्या कठड्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तो थरथरत होता, आणि तिने तो लपवला नाही. मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा पहिल्या दोन ओळी धरल्या, माती अजून त्याच्या बोटांना, आणि या खेपेला सगळ्यांनीच त्याच्याबरोबर म्हटल्या, आणि मी इतकी बेसूर म्हणत होते की शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं.

संपल्यावर लोक चहाकडे निघाले. मामाभोवती गर्दी झाली होती. औषधवाले त्याला पुढच्या आठवड्याची गोष्ट विचारत होते, म्हणजे बैठकीचं काय झालं ते सांगायची गरज उरली नव्हती. हेडमास्तर मात्र गर्दीतून वाट काढत शेवटच्या रांगेकडे आले. बाई वही बंद करत होत्या. त्यांनी वहीत काहीही लिहिलेलं नव्हतं, ते मी पाहिलं.

हेडमास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं की शेवटी ते जे झालं, ते व्याकरणाच्या दृष्टीने काय झालं? देवाला असा जाब विचारणं, हेही नॉस्टिकवणंच की काय? पत्रकात छापलंय, लोक विचारतील.

"छे," बाई म्हणाल्या. "परक्या कारागिराशी कुणी असं बोलत नाही. याला साधं भांडणं म्हणतात."

"सकर्मक?"

"अकर्मक. ते कुणाला करता येत नाही, कुणाशी तरी करावं लागतं."

हेडमास्तरांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. दारातून मामी मला हाक मारत होती की तुझ्या बाईंना चहा प्यायला आण, निवतोय. बाई म्हणाल्या, मी चहा घेत नाही. मग त्या उठल्या आणि माझ्याबरोबर आल्या.